थॉरचा हातोडा आणि वाचकांचा कौल

नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव थॉर. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास त्याच्या कथा ग्रंथबद्ध केल्या. १९६२ मध्ये एका अमेरिकन चित्रकथेने त्याला नवा अवतार दिला. जुन्या कथांतील तांबडी दाढी जाऊन सोनेरी केस आले. वाचकांची अनुकूल-प्रतिकूल पत्रे अंकातच छापली जात. २०१४ मध्ये हातोडा एका स्त्रीच्या हाती आला, तेव्हा कित्येकांनी परंपराभंगाचा आक्षेप घेतला. परंतु चोरीस गेलेला हातोडा परत मिळविण्यासाठी खुद्द थॉरने वधूवेष धारण केल्याची कथा प्राचीन काव्यातच आहे! परंपरेच्या रक्षकाने आधी परंपरा जाणावी. तथापि हा वाद व्यर्थ नव्हे. ज्याची उपासना शतकानुशतके खंडित होती, त्या देवासाठी माणसे अजून भांडतात, हेच त्याचे चिरंजीवित्व होय.