डब्यावरचा कृष्ण आणि बबलगमच्या धावा

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत जे. बी. मंघाराम बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा अजून सापडतो. आमच्या दाणाओळीच्या घरातल्या डब्यावर कृष्ण आहे. ही कंपनी मूळची सिंधमधल्या सक्करची, १९१९ सालची. फाळणीनंतर ती ग्वाल्हेरला आली. बिस्किटं चार दिवसांत संपत, डबा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. माझ्या मते ती जाहिरात आईसाठी होती. बिस्किटं खाणार पोरं, पण डबा पसंत करणार आणि पैसे देणार मोठी माणसं.

पुढे जाहिरात थेट पोरांशी बोलू लागली. विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती आल्या, दूरदर्शनवर १९७६ पासून. सरकारी जाहिरात-संहितेत एक कलम होतं: ही वस्तू नसेल तर तू इतर मुलांपेक्षा कमी ठरशील, असं मुलांना वाटायला लावू नये. असं कलम घालावं लागलं, म्हणजे धोका तेव्हाच कळला होता. पण नियम होता आकाशवाणी-दूरदर्शनला. बबलगमच्या कागदाला कोण विचारतो?

१९८७ च्या विश्वचषकाचे दिवस. एका बबलगमच्या वेष्टनावर आत धावा छापलेल्या असत. शंभर जमल्या की क्रिकेटपटूंच्या फोटोंचं पुस्तक. माझा धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा. कृष्णाच्या डब्यात आई दुधाचे सुट्टे पैसे ठेवायची. एका महिन्यात अकरा रुपये कमी भरले, आणि गादीखाली बावीस कागद सापडले.

आई ओरडली नाही. तिनं मला धावा मोजायला बसवलं. त्रेसष्ट भरल्या. मग त्याला विचारलं, "म्हणजे अजून किती चोरावे लागतील रे?" मी सरासरी काढून सांगितलं, आणखी तेरा गोळ्या, साडेसहा रुपये. तो रडायलाच लागला. "वर्गात सगळ्यांकडे पुस्तक आहे, मला कोणी खेळायला घेत नाही," म्हणाला. संहितेत जे टाळायला सांगितलं होतं, नेमकं तेच.

बाबा दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "भाईसाहब, मैं नहीं दूँगा तो अगली दुकान से ले लेगा." बाबा गप्प परत आले. डबा कपाटावर गेला. पुस्तक काही आलं नाही. भाऊ आज पन्नाशीकडे झुकलाय, पण तो विषय निघाला की अजून उठून जातो.

२०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेच्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात बंद केली. चांगलंच झालं. पण आता जाहिरात पोराच्या हातातल्या मोबाइलमध्ये असते, तिथे मीटर कुठून मोजणार? आईच्या उपायाला मात्र अंतर लागत नव्हतं. तिनं पोराला शेजारी बसवून हिशेब करायला लावला, एवढंच.

मंडळी, आपल्या घरी असा डबा असेल तर फोटो जरूर पाठवा. सोबत त्यात काय ठेवलं जायचं, तेही लिहा. चित्रं जपणारे पुष्कळ आहेत. आतल्या सुट्ट्या पैशांचा इतिहास आपणच लिहायचा आहे.