सेवा क्लबचं वर्षाचं टार्गेट: किती सदस्य आले, की किती टिकले?

जुलै महिना आला की तालुक्या-तालुक्यातून पदग्रहण सोहळ्यांचे फोटो येऊ लागतात. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं असतं. नवा अध्यक्ष कॉलर घालतो आणि भाषणात एक आकडा हमखास सांगतो: यंदा इतके नवे सदस्य करणार.

हा आकडा गाठणं किती अवघड असतं? २०२१-२२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष कोलकात्याचे शेखर मेहता होते. प्रत्येकानं एक सदस्य आणावा आणि १२ लाखांवर अडकलेली संख्या १३ लाखांवर न्यावी, असं आवाहन त्यांनी केलं होतं. संख्या अजूनही १२ लाखांच्या आसपासच आहे. लायन्सनंही १ जुलै २०२७ पर्यंत १५ लाख सदस्यांचं लक्ष्य ठेवलंय.

गोम आहे ती गळतीत. समजा, एका क्लबात ३० जण आहेत आणि दरवर्षी ५ जण सोडून जातात. मग ३३ वर जायला ३ नव्हे, ८ माणसं आणावी लागतात. हे गणित भाषणात येत नाही. शिवाय रोटरीत १ जुलै आणि १ जानेवारीच्या यादीनुसार क्लबला माणशी वर्गणी वर भरावी लागते. म्हणजे फक्त फोटोपुरते सदस्य क्लबच्याच खिशाला पडतात. त्यामुळे जूनच्या शेवटी बरीच नावं गुपचूप कमी होतात, हे रोटेरियन मंडळींना नव्यानं सांगायला नको.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर आणखी एक अडचण आहे. वर्षाची सुरुवातच खरिपाच्या धांदलीत होते. नवा सदस्य शेतकरी किंवा कृषी सेवा केंद्रवाला असेल, तर त्याला पहिल्याच महिन्यात बैठकीला वेळ मिळत नाही आणि पुढे त्याची सवयच लागत नाही. अशांना दिवाळीनंतर घेतलेलं बरं. क्लब जिल्ह्याच्या गावातले डॉक्टर आणि व्यापारी यांच्यापुरताच राहिला, तर वाढायला जागाही उरत नाही. जिल्ह्यात तालुके ८ आहेत. रोटरीचा नवा क्लब काढायला २० जण लागतात, पण मूळ क्लबच्या आधारानं चालणारा सॅटेलाइट क्लब ८ जणांतही उभा राहतो. लहान तालुक्यासाठी हे लक्ष्य जास्त झेपणारं आहे.

नेतृत्वाचं लक्ष्य म्हणजे काय?

सदस्यसंख्येइतकाच महत्त्वाचा, पण मागे पडणारा प्रश्न: दोन वर्षांनी क्लब कोण चालवणार? अध्यक्षपद एकाच वर्षाचं असतं. एवढ्यात शिकून काही होत नाही, म्हणून रोटरीच्या नियमांत अध्यक्षाची निवड पदभाराच्या किमान १८ महिने आधी करायची असते. लायन्समध्ये पहिला आणि दुसरा उपाध्यक्ष अशी रांग असते. पण ही रांग कागदावरच राहिली, तर तीच चार माणसं आलटून पालटून खुर्चीवर दिसतात.

नेतृत्व घडवण्याचं एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे, फक्त ते क्लबचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीचा मोठा सरकारी कार्यक्रम झाला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं त्यात गावातल्याच महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे केलं. घर मजबूत कसं करायचं, अनुदान कसं मिळवायचं, हे त्या गावकऱ्यांना समजावत. पुढे संस्थेचं काम बचत गट, पाणी, आरोग्य आणि शेतीपर्यंत गेलं. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथे आधी जबाबदारी दिली गेली, पद नंतर आलं.

क्लबात बहुतेक वेळा याच्या उलट होतं. महिलांना तर लायन्समध्ये १९८७ आणि रोटरीत १९८९ पर्यंत सदस्यत्वच नव्हतं. आता नव्या सदस्याला, मग ती बाई असो की पुरुष, पहिल्या तीन महिन्यांत एखादं रक्तदान शिबिर पूर्ण सांभाळायला देता येतं: रक्तपेढीशी बोलणं, जागा, हिशेब, सगळं. रोटरी क्लबांत निवडणुकीची वार्षिक सभा ३१ डिसेंबरच्या आत होते. दिवाळीनंतर आलेल्या सदस्याचं काम पुढच्या सभेपर्यंत सगळ्यांनी वर्षभर पाहिलेलं असतं.