पेटीवरचा पहारा

डिस्क-एन्क्लोजर म्हणजे वरवर पाहता एक लोखंडी पेटी. पुढच्या बाजूला बारा किंवा चोवीस खण, प्रत्येक खणात एक डिस्क, मागे दोन पॉवर सप्लाय, पंख्यांची रांग आणि या साऱ्यांची हालहवाल जाणणारा एक लहानसा प्रोसेसर. सर्व्हरवर अहोरात्र चालणारा एक प्रोग्रॅम ठरावीक वेळाने या प्रोसेसरकडे विचारपूस करतो आणि काही बदलले असेल तर नोंद करतो. हा प्रोग्रॅम बसवणाऱ्या माणसाला कॉन्फिगरेशन म्हणून फार काही लिहावे लागत नाही. कोणत्या पेटीवर लक्ष ठेवायचे, किती वेळाने विचारायचे, कशाला बिघाड म्हणायचे आणि कुणाला कळवायचे, एवढेच. पण या चार गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट कधीकाळी एखादा माणूस स्वतःच्या डोळ्याकानांनी करत होता. ते काम त्याच्या हातून सुटत सुटत चार ओळींपर्यंत कसे आले, हे पाहायचे तर आपल्याला सुमारे सत्तर वर्षे मागे जावे लागेल.

१९५६ साली आयबीएमने आपल्या ३०५ रॅमॅक या संगणकाबरोबर ३५० नावाचे डिस्क-यंत्र बाजारात आणले. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथे घडलेल्या या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत. साठवण ५० लाख अक्षरांची. हेड तबकडीला टेकू नये म्हणून त्याखाली दाबाची हवा सोडावी लागे आणि त्यासाठी शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असे. इथे डिस्क, तिचे घर आणि तिचा पहारेकरी यांत फारसे अंतर नव्हते. घर म्हणजेच यंत्र होते, आणि आवाज बदलला तर तो खोलीतल्या माणसाला ऐकू येत असे. पुढे १९७३ साली आयबीएमच्या ३३४० ने, म्हणजे प्रसिद्ध ‘विंचेस्टर’ने, हेड आणि तबकड्या एकाच बंद मॉड्यूलमध्ये ठेवल्या. धुळीपासून बचाव झाला, विश्वासार्हता वाढली. पण डिस्कचे अंतरंग माणसाच्या नजरेआड गेले ते कायमचेच.

त्याच्या दहा वर्षे आधीच, अगदी वेगळ्या ठिकाणी, आपल्या कथेतले दुसरे पात्र जन्माला आले होते. १९६३ च्या आसपास एमआयटीमध्ये फर्नांदो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी आयबीएम ७०९४ या संगणकावर, अनेकांनी एकाच वेळी वापरायची सीटीएसएस ही प्रणाली चालवत होते. कुणीही हुकूम न देता मागे आपले काम करत राहणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांनी ‘डीमन’ म्हटले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी रेणू निवडणारा जो काल्पनिक जीव रंगवला होता, त्याच्यावरून हे नाव सुचल्याचे कोर्बातो यांनी पुढे सांगितले. या घराण्याचा मूळपुरुष कोणते काम करत होता, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे: तो फायलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवून ठेवत असे. म्हणजे साठवलेल्या माहितीची राखण हे डीमनचे काम अगदी पहिल्या पिढीपासूनचे आहे.

पेटीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९८८ साली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात असे मांडले की, एका महागड्या, अवाढव्य डिस्कऐवजी अनेक स्वस्त, लहान डिस्क एकत्र बांधाव्यात. ‘रेड’ ही संकल्पना ती हीच. त्यांनी हिशोबासाठी घेतलेली लहान डिस्क होती कॉनर पेरिफेरल्स कंपनीची सीपी ३१००, क्षमता १०० मेगाबाइट. अशी एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या समूहात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी डिस्क जाणार. यावर उतारा म्हणजे जादा डिस्क आणि पडताळणीची माहिती: एक गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा घडवता येतो. पण या उताऱ्यानेच नवी अडचण आणली. पूर्वी डिस्क गेली की काम थांबे आणि सगळ्यांना कळे. आता डिस्क गेली तरी काम चालूच राहते. ती गेल्याचे कुणाला कळलेच नाही, तर समूह दुसऱ्या डिस्कच्या मरणाची वाट पाहत उघडा पडलेला असतो.

दुसरी अडचण याच मंडळींनी १९८९ साली, मार्टिन शुल्झ यांच्यासह लिहिलेल्या निबंधात दाखवली. पहिला हिशोब असे गृहीत धरत होता की प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे, आपल्या मरणाने मरते. प्रत्यक्षात त्या एकाच पेटीत राहतात, एकच वीज घेतात, एकाच पंख्याच्या वाऱ्यावर जगतात. पॉवर सप्लाय गेला तर रांगच्या रांग गप्प होते. पंखा गेला तर सगळ्याच एकदम तापतात. समूहाचे आयुष्य डिस्कइतकेच या आधार-सामग्रीवरही ठरते. आजवर निर्जीव कवच मानली गेलेली पेटी अशा रीतीने पहाऱ्याचा विषय झाली.

पहारा ठेवायचा तर पेटीला बोलता आले पाहिजे. सुरुवातीला ती दिव्यांच्या भाषेत बोलली: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पाहा. त्यासाठी समोर कुणीतरी उभे असावे लागे. मग पेटीत प्रोसेसर बसवून, ज्या स्कझी तारेवरून डिस्क बोलतात त्याच तारेवरून पेटीलाही बोलू द्यावे, असा विचार पुढे आला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर इंटेल आणि कॉनर यांनी मिळून ‘सेफ-टी’ हा संकेत तयार केला. कॉनर, म्हणजे ज्यांच्या डिस्कवर बर्कलीचा तो हिशोब मांडला होता तीच कंपनी. या संकेतात सर्व्हर पेटीतला एक बफर वाचायचा आणि त्यातून पंखे, वीज, तापमान यांची स्थिती समजून घ्यायचा.

‘सेफ-टी’ हळूहळू मागे पडला, कारण १९९८ साली अमेरिकेच्या टी-१० समितीने ‘स्कझी एन्क्लोजर सर्व्हिसेस’, म्हणजेच एसईएस, हे प्रमाण मंजूर केले. यात पेटी आपली माहिती क्रमांकित पानांवर देते. पहिल्या पानावर पेटीत काय काय आहे, दुसऱ्यावर ते कसे आहे. प्रत्येक घटकाला चार बाइट. तापमानाच्या बाइटमध्ये खऱ्या अंशांत २० मिळवून ठेवतात, म्हणजे शून्याखालचा आकडाही ऋणचिन्हाशिवाय मावतो. पण या प्रमाणाची खरी कमाई त्याने घडवलेल्या निदानाच्या पायऱ्यांत आहे. ठीक, किरकोळ, गंभीर, सावरण्यापलीकडचे, बसवलेलेच नाही, अज्ञात: अनुभवी ऑपरेटर मनाशी जी प्रतवारी करत असे, ती आता समितीने अंकांत बांधून दिली.

बोलणारी पेटी आणि मागे चालणारा डीमन यांची गाठ त्यानंतर पडली. सोलारिस ७ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एसईएससाठी ड्रायव्हर होता. त्याच धर्तीवर मॅथ्यू जेकब यांनी लिहिलेला ड्रायव्हर फ्रीबीएसडी ४.३ मधून बाहेर आला. त्याच्यासोबत उदाहरणादाखल दिलेल्या प्रोग्रॅमांत एक होता ‘एसईएसडी’. चालू केला की हा डीमन पडद्याआड जातो, दर ३० सेकंदांनी जागा होऊन प्रत्येक पेटीला विचारतो आणि स्थिती बदलली असेल तरच सिस्लॉग या नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमकडे नोंद धाडतो. हा सिस्लॉगही बर्कलीचाच. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमसाठी तो लिहिला होता. लिनक्समध्ये जेम्स बॉटमली यांचा एसईएस ड्रायव्हर २००८ साली आला. समांतर वाटेने ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली स्मार्टमॉनटूल्स प्रकल्प सुरू केला. त्यातला ‘स्मार्टडी’ डिस्कांची प्रकृती दर ३० मिनिटांनी तपासतो. ॲलन यांचे क्षेत्र गुरुत्वीय लहरींचे. त्या टिपण्यासाठी लागणाऱ्या संगणक-समूहांत डिस्कांची चिंता रोजचीच.

आता आपण आजच्या त्या चार ओळींपाशी परत आलो आहोत, आणि त्या तितक्याशा कोरड्या दिसत नाहीत. एसईएसडीचे ३० सेकंद आणि स्मार्टडीची ३० मिनिटे यांतला फरक समजण्यासारखा आहे: पंखा थांबला तर पेटी बघता बघता तापते, डिस्कची झीज मात्र दिवसामासांची. तरीही हे आकडे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या खोलीसाठी ठरवलेले आहेत. आपली खोली किती गार, पेट्या किती, बदली डिस्क यायला किती दिवस लागतात, हे त्या आकड्यांना ठाऊक नसते. ‘किरकोळ’ इशाऱ्यावर मध्यरात्री फोन वाजू लागला, तर आठवड्याभरात माणूस फोन बंद करून झोपायला शिकतो. तोच इशारा फक्त लॉगमध्ये पडून राहिला, तर दोनपैकी एक पॉवर सप्लाय महिनोन्‌महिने मेलेला असू शकतो. गावच्या जागल्याची किंमत तो जागा राहतो यावर जितकी, तितकीच तो कुणाला आणि कधी हाक मारतो यावर ठरायची. प्रमाणाने शब्द दिले, डीमनने चिकाटी दिली. तारतम्य मात्र अजून फाइल लिहिणाऱ्यालाच द्यावे लागते.

शिवाय या लांबच्या प्रवासात एक गोष्ट हातची गेली आहे. ऑपरेटर कामावर आला नाही तर त्याची खुर्ची रिकामी दिसत असे. डीमन बंद पडला तर काहीच दिसत नाही. त्याची शांतता आणि सारे आलबेल असल्याची शांतता बाहेरून सारखीच. स्मार्टडीच्या कर्त्यांनी हे ओळखून सुरू होताच एक चाचणी-टपाल पाठवण्याची सोय ठेवली आहे. पेटीच्या बाबतीत ही परीक्षा हातानेच घ्यावी लागते. दोन्ही पॉवर सप्लाय धड असताना, दिवसाढवळ्या, त्यांतला एक काढायचा आणि निरोप योग्य माणसापर्यंत किती वेळात पोहोचतो ते घड्याळ लावून पाहायचे. तो पोहोचला, तरच कॉन्फिगरेशन झाले असे म्हणावे.