रिकाम्या शंखाचा इतिहास

आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातला ‘निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस’ हा सिक्लिड कुळातील मासा घरच्या काचेच्या टाकीत पाळणे फारसे अवघड नाही. जड, अल्कधर्मी पाणी, तळाशी बारीक वाळूचा थर आणि गोगलगाईंचे रिकामे शंख एवढे मिळाले की तो संसार थाटतो. नर जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. तोंडाने वाळू उपसून हे मासे शंख पुरतात आणि त्याचे तोंड तेवढे उघडे ठेवतात. मादी आत अंडी घालते; पिल्ले त्याच वस्तीत वाढतात. शंख घडवणारी गोगलगाय केव्हाच मेलेली असते. दुसऱ्याने सोडलेल्या घरावरच या माशाचे सारे जीवन उभे आहे.

हे घर आणि हा रहिवासी आपल्या ज्ञानात मात्र वेगवेगळ्या वाटांनी आले.

१३ फेब्रुवारी १८५८ रोजी रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक टांगानिकाच्या काठी पोचले. बर्टन मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी. तो आजारी होता, तर स्पीकची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्यांच्यासोबत सिदी मुबारक ‘बॉम्बे’ होता. याओ जमातीत जन्मलेला हा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, भारतात आला, मुक्त झाल्यावर झांझिबारला परतला आणि आपल्या मुंबईचे नाव आयुष्यभर वागवत राहिला. स्पीकशी त्याचे बोलणे चाले ते मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत.

स्पीकने जमवलेले शंख-शिंपले लंडनला पोचले. १८५९ मध्ये वुडवर्डने त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. त्यातल्या एका शिंपल्याला स्पीकचे नाव मिळाले, एकाला बर्टनचे. बॉम्बेचे नाव त्या यादीत नाही. पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला पदक आणि निवृत्तिवेतन दिले, हे खरे. बर्टन आणि स्पीक या दोघांच्याही लेखनात तो वारंवार भेटतो. पण त्याचे हिंदुस्तानी बोलणे आपल्याला ऐकू येते ते त्यांच्याच इंग्रजीतून.

ज्या मोठ्या शंखांत हे मासे प्रामुख्याने राहतात, त्या ‘निओथौमा’ गोगलगाईचे नामकरण एडगर स्मिथने १८८० मध्ये केले. माशाचे नामकरण बुलेंजरने १९०६ मध्ये केले, कनिंग्टनच्या १९०४-०५ च्या मोहिमेत गोळा झालेल्या नमुन्यांवरून. ‘मल्टिफॅसिएटस’ म्हणजे पुष्कळ पट्ट्यांचा. हे नाव अंगावरच्या पट्ट्यांचे आहे, घराचे नाही. शंख एका शाखेच्या कपाटात, मासा दुसऱ्या शाखेच्या बरणीत. दोन्ही नोंदी अचूक. मात्र दोहोंमधले नाते कोणत्याच नावात उतरले नाही.

१९७० च्या दशकात पिएर ब्रिशार याने बुरुंडीतून टांगानिकातील जिवंत मासे निर्यात करण्यास सुरुवात केली, आणि या सरोवराचे जीवन घरोघरच्या टाक्यांत दिसू लागले. संग्रहालयाने जे वेगळे केले होते ते हौशी माणसाने पुन्हा एकत्र ठेवले. हेही पूर्ण खरे नव्हेच. टाकीतला शंख बहुधा युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या गोगलगाईचा असतो. सरोवराच्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी पाण्यात शंख लवकर विरघळत नाहीत. म्हणून तिथे तळाशी शेकडो वर्षांचे खच साचतात आणि त्यांवर माशांच्या पिढ्या नांदतात. तो काळ टाकीत आणता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटावी. वसाहतकाळातील प्रवासवर्णने, अहवाल, याद्या आपल्या हाती येतात त्या अशाच सुट्या नमुन्यांसारख्या. त्या खोट्या नसतात. त्यांतली मोजमापे बहुधा चोख असतात. पण नमुना कोणाच्या सोबतीने गोळा झाला, कोणत्या भाषेत विचारपूस झाली आणि त्या वस्तूत कोण राहत होते, हे प्रश्न वाचकालाच विचारावे लागतात. वुडवर्डची यादी वाचताना बॉम्बेची आठवण ठेवणे हा भावुकपणा नव्हे. तो वाचनाचाच भाग आहे.