अरुंद जागेची गोष्ट

मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, नोकरी सॉफ्टवेअरमधली. ‘स्ट्रेस’ हा शब्द मला आधी सूत्रात भेटला: बल भागिले क्षेत्रफळ. आता तो ऑफिसात रोज भेटतो. मागच्या रिलीजच्या वेळी सलग तीन आठवडे रात्री जागलो, तेव्हा मला ‘स्ट्रेस मॅनेज कर’ असा सल्ला मिळाला. त्या रागात मी या शब्दाचे मूळ शोधायला बसलो.

मूळ निघाले लॅटिन ‘स्ट्रिंगेरे’, म्हणजे ओढून घट्ट बांधणे. त्याचे ‘स्ट्रिक्टुस’ हे रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि ‘स्ट्रेट’ झाले. अर्थ अरुंद. जिब्राल्टरची सामुद्रधुनी ही अशीच एक ‘स्ट्रेट’, सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम १४ किलोमीटर. सरळ या अर्थाचा ‘स्ट्रेट’ मात्र वेगळा. तो ताणणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला. उच्चार एकच असल्याने दोघांची इतकी सरमिसळ झाली, की १६११च्या इंग्रजी बायबलातला अरुंद दरवाजा आज अनेकांना सरळ वाटतो.

अरुंद जागा ज्याच्या ताब्यात, तो इतरांची कोंडी करू शकतो. डेन्मार्क आणि स्वीडनमधली ओरेसुंड सामुद्रधुनी एका ठिकाणी फक्त चार किलोमीटर रुंद आहे. १४२९च्या सुमारास डेन्मार्कच्या राजाने तिथून जाणाऱ्या जहाजांवर कर बसवला. तो चार शतकांहून अधिक काळ वसूल होत राहिला.

जमिनीवरही तेच. त्याच धातूपासून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘डिस्ट्रिक्टुस’ झाला: सरंजामदाराचा सक्ती करण्याचा अधिकार आणि तो जिथवर चालतो तो मुलूख. हाच आजचा ‘डिस्ट्रिक्ट’. ‘डिस्ट्रेस’ म्हणजे दुःख, पण इंग्रजी कायद्यात २०१४पर्यंत त्याचा अर्थ थकबाकीपोटी सामानाची जप्ती असा होता. ‘स्ट्रेस’ काही अंशी या ‘डिस्ट्रेस’चाच तुटलेला तुकडा आहे, आणि काही अंशी अरुंदपणा या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाचा वारस.

आपल्याकडेही दुःखाला जागेचीच भाषा आहे. संस्कृतात ‘संकट’ म्हणजे आधी अरुंद, चिंचोळी वाट. मग आपत्ती. पैशाची ‘तंगी’ फारसीतल्या ‘तंग’वरून आली, त्याचाही अर्थ अरुंद.

फरक एवढाच, की जुन्या इंग्रजी शब्दांत आवळणारा दिसत होता. राजा होता, सरंजामदार होता, जप्ती करणारा होता. आजच्या ‘स्ट्रेस’मधून तो गायब झाला. उरला फक्त ज्याला स्ट्रेस आहे तो, आणि तो मॅनेज करण्याची त्याची जबाबदारी.

इंजिनिअरिंगमध्ये असे चालत नसे. १८५०च्या दशकात रँकिनने ‘स्ट्रेस’ला यंत्रशास्त्रात नेमका अर्थ दिला, आणि आमचे सर त्याच शिस्तीचे होते. स्ट्रेस काढायला घेतला की म्हणायचे, ‘आधी लोड दाखव. कुठून येतोय, किती आहे?’ आकृतीत लोडचा बाण नसेल, तर पुढचे गणित ते तपासतच नसत.

ओरेसुंडचा कर १८५७मध्ये रद्द झाला. इतर देशांनी डेन्मार्कला एकरकमी भरपाई दिली आणि जहाजे मोकळी झाली. सामुद्रधुनीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली.