सामाईक कपाट

उमेळ्याच्या आमच्या घरात जिन्याखाली एक सागवानी कपाट आहे. आजोबांच्या काळात त्यात सातबाऱ्याचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि कोणाच्या तरी शाळेचे दाखले असत. किल्ली आजीच्या कमरेला. पुढे घराच्या तीन चुली झाल्या, पण कपाट वाटलं गेलं नाही. सातबाऱ्यावर काही जमिनीपुढे जसं ‘सामाईक’ लिहिलेलं असतं, तसंच ते राहिलं.

२०१४ साली त्याच कपाटाच्या खालच्या खणात मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्याला जोडलेली एक हार्ड डिस्क ठेवली. त्याआधी आमचा कौटुंबिक कारभार एका पेन ड्राइव्हवर चाले. तो तिन्ही घरांत फिरे आणि हवा असेल तेव्हा नेमका सापडत नसे. एकाच हिशोबाच्या चार आवृत्त्या असत आणि प्रत्येकीचं नाव ‘फायनल’. आता सगळ्यांच्या फायली एका जागी राहणार होत्या. त्या फोल्डरला मी ‘सामाईक’ हेच नाव दिलं.

त्या खणात काय काय येऊन बसलं होतं, याचा इतिहास मी नंतर वाचला. घरातला राऊटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. आमच्या कपाटाचा क्रमांक १९२.१६८ ने सुरू होतो. तुमच्या घरातलाही बहुधा तसाच असेल. इंटरनेटचे क्रमांक अपुरे पडतील हे दिसू लागलं, तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये काही क्रमांक खाजगी वापरासाठी अधिकृतपणे बाजूला काढले गेले. ‘वरची आळी’ गावोगावी असते आणि तरी टपालाचा घोटाळा होत नाही, कारण तो पत्ता गावापुरताच असतो. त्यातलाच हा प्रकार.

यंत्रं एकमेकांकडे फायली मागतात ती भाषा १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी घडवली. तिचं नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि विंडोजबरोबर ती कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचली. माझ्या छोट्या संगणकावर मात्र विंडोज नव्हतं. तरी तो ही भाषा बोलत होता, याचं श्रेय अँड्र्यू ट्रिजेल यांना. १९९१च्या अखेरीस कॅनबेरात पीएच.डी. करत असताना त्यांनी तारेवरून जाणारे संदेश पाहून त्यांचा अर्थ लावला आणि स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याला नवं नाव द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द संगणकावरच्या शब्दयादीत शोधले. त्यातून ‘सांबा’ मिळाला. तो फुकट वाटला गेला, म्हणून आमच्यासारख्यांच्या जिन्याखाली येऊ शकला.

या भाषेत मला सगळ्यात आवडली ती कुलपाची सोय. काकांनी हिशोबाची फाइल उघडली की इतरांना ती वाचता येते, बदलता येत नाही. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असते, तशी ही फाइलची पाळी. चुलत्या-पुतण्यांमधले निदान दोन वाद तरी तिने वाचवले.

त्या फोल्डरमध्ये आजीची गाणीही होती. २०१३च्या उन्हाळ्यात मी ती फोनवर टिपली होती: लग्नातली, भाताच्या लावणीची, काही नुसती चिडवाचिडवीची. एकूण तेवीस. मध्येच ती थांबे, ‘पुढचं विसरले’ म्हणे आणि हसे. ते हसूही त्यात होतं. २०१६ मध्ये आजी गेली.

त्याच वर्षी मी जुनी डिस्क काढून दोन नव्या बसवल्या. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटावं, अशी रचना केली. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी १९८८ मध्ये एक निबंध लिहिला: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कांचा ताफा वापरा, त्यातली एखादी मेली तरी माहिती मरणार नाही अशी सोय ठेवा. त्यांनी तिला ‘रेड’ म्हटलं. डिस्कांच्या जोड्या लावण्याची युक्ती त्याआधीही होती. निबंधात ती पहिल्या पायरीवर मांडली आहे. मी ती बसवली आणि घरात सगळ्यांना सांगितलं, ‘आता काळजी नाही.’

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरलं. लोकल बंद पडल्या, मिठागरांवरची माणसं अडकली. आमच्याकडे पाणी रात्री शिरलं. आम्ही गाद्या, धान्य आणि आजोबांचे कागद वरच्या मजल्यावर नेले. खालच्या खणातला डबा कोणालाच आठवला नाही. मलाही नाही. सकाळी तो गढूळ पाण्यात होता. दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच पाण्यात. दुरुस्तीला दिल्यावर एकीतून थोडे फोटो निघाले. गाणी निघाली नाहीत.

मग पणजीहून आत्याचा फोन आला. आईच्या दिवसांना आली होती तेव्हा तिने नऊ गाणी फोनवर उतरवून घेतली होती. जपणूक वगैरे तिच्या मनातही नव्हतं. रात्री झोप येत नाही म्हणून ऐकायला नेली होती, एवढंच.

ती नऊ गाणी आणायला मी पणजीला गेलो. तिथलं पुराभिलेखागार जुनं आहे. त्याची सुरुवात १५९५ सालची, पहिला अभिलेखपाल इतिहासकार दियोगु दु कोतु. आपली वसई डिसेंबर १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होती. वसईचा कारभार गोव्याला बांधलेला आणि गोव्याचा लिस्बनला. मधला पत्रव्यवहार ज्या जाड बांधण्यांत आहे त्यांना ‘मान्सूनची पुस्तकं’ म्हणतात, कारण जहाजं मोसमी वाऱ्यांवर चालत. त्यांतल्या बऱ्याच बांधण्या अठराव्या शतकात लिस्बनला नेल्या गेल्या. उरलेल्या पणजीत आहेत.

त्या पत्रांची एक पद्धत होती. महत्त्वाचं पत्र एकदाच लिहून चालत नसे. त्याच्या दोन, तीन, कधी अधिकही प्रती करत आणि प्रत्येकीवर ‘पहिली व्हिया’, ‘दुसरी व्हिया’ असं लिहून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत. व्हिया म्हणजे वाट. एक जहाज आफ्रिकेच्या टोकाला बुडालं, तरी दुसऱ्यावरची प्रत पोचेल. एकाच जहाजावर दोन पेट्यांत दोन प्रती ठेवून भागणार नाही, हे त्या कारकुनांना ठाऊक होतं. मी जिन्याखाली नेमकं तेच केलं होतं.

सामाईक करणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. सांबाने पहिलं केलं. दुसरं त्याच्याकडे मी मागितलंच नव्हतं. रेडनेही मला फसवलं नाही; एक डिस्क मेली असती तर तिने शब्द पाळला असता. घर बुडेल हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

आता डबा वरच्या मजल्यावर आहे. दर तीन महिन्यांनी मी एका डिस्कवर सगळं उतरवतो आणि पणजीला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी आत्याकडे पाठवतो. तिच्याकडची जुनी परत येते. दोन्हींवर मार्करने ‘१’ आणि ‘२’ असं लिहिलं आहे. चौदा गाणी कुठेच नाहीत. त्यांतल्या तीन-चारांचं धृपद आत्याला आठवतं. गेल्या दिवाळीत ती ते गुणगुणत होती, तेव्हा मी फोन काढून समोर ठेवला. दोन ओळींनंतर ती थांबली, ‘पुढचं विसरले’ म्हणाली आणि हसली.