अलार्म न वाजलेले दोन तास

14 ऑगस्ट 2003. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रनला, फर्स्टएनर्जी या वीजकंपनीची कंट्रोल रूम. वेळा तिथल्याच, साडेनऊ तास मिळवले की यवतमाळच्या.

दुपारी 1:31 : ईस्टलेक वीजकेंद्राचा पाच नंबरचा संच बंद पडतो. भर उन्हाळ्यात असं व्हायचंच.

2:14 : यवतमाळात पावणेबाराला मिनिट कमी. अ‍ॅक्रनच्या वीजजाळ्यावर नजर ठेवणाऱ्या एक्सए/21 प्रणालीत दोन प्रोसेस एकाच क्षणी एकाच डेटावर लिहितात. एकानं थांबायचं, हा बंदोबस्त तिथे कच्चा राहिलेला. डेटा बिघडतो, अलार्मचा प्रोग्राम न संपणाऱ्या चक्रात अडकतो. सरळ बंद पडला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. आता अलार्म वाजत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं ऑपरेटर धरून चालतात.

2:32 : शेजारच्या एईपी कंपनीचा फोन. स्टार–साउथ कँटन लाइन ट्रिप होऊन परत चालू झाली, दिसलं का? इथे कुणालाच काही दिसलेलं नाही.

2:41 : नोंदींची रांग तुंबलेली, मुख्य सर्व्हर पडतो. राखीव सर्व्हर ताबा घेतो तो अडकलेल्या प्रोग्रामसकट, बापाचं कर्ज पोराच्या सातबाऱ्यावर चढावं तसा.

2:54 : तोही पडतो. पडदा ताजा व्हायला आता 59 सेकंद लागतात.

3:05 : हार्डिंग–चेंबरलिन लाइन झाडाला टेकून जाते. भार क्षमतेच्या अवघा 44 टक्के.

3:08 : आयटीवाले सर्व्हर रीबूट करतात. अलार्म आले का, हे ऑपरेटरना विचारतच नाहीत.

3:32, 3:41 : आणखी दोन मोठ्या लाइन जातात. संगणक दगा देतोय, हे ऑपरेटरना आत्ता कळतं.

4:05 : सॅमिस–स्टार लाइन तुटते, तिच्यापाठोपाठ बाकीचं जाळंही.

4:13 : यवतमाळात 15 ऑगस्ट लागलाय, रात्रीचे 1:43. अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचं ओंटारिओ मिळून सुमारे 5 कोटी लोक अंधारात.

चूक हाती लागायला काही आठवडे गेले. ती घडण्याची फट काही मिलिसेकंदांची. शेवटी इंजिनिअरांनी कोडमध्ये मुद्दाम थांबे घातले आणि अलार्मचा मारा सुरू ठेवला, तेव्हा कुठे ते दोन प्रोसेस पुन्हा एकमेकांवर आदळले.